खेळून पोट भरते का?

मुलगा किंवा मुलगी मैदानावर चमकू लागली आणि तालुक्याच्या सामन्यांतून विभागाच्या निवड चाचणीपर्यंत पोचली, की घरातली मोठी माणसे कौतुकाच्या पाठोपाठ एकच प्रश्न विचारतात : यातून पोट भरेल का? यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे वर्षाचा हिशेब कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या भावावर ठरतो, तिथे हा प्रश्न अधिकच टोकदार असतो, आणि त्याला उत्तर म्हणून सहसा एखाद्या नामांकित क्रिकेटपटूच्या मिळकतीचे कोटींमधले आकडे सांगितले जातात. ते आकडे खरे असतात, परंतु विचारणाऱ्याच्या काही उपयोगाचे नसतात, कारण शिखरावरच्या पंधरा-वीस जणांच्या कमाईवरून खालच्या शेकडो पगारी खेळाडूंच्या संसाराचा काहीच अंदाज येत नाही. प्रश्न खरा त्या शेकडो जणांचा आहे. त्यांना पैसे कोण देते, किती देते आणि मुख्य म्हणजे किती वर्षे देते, हे कळल्याशिवाय घरातल्या त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

हे समजून घेण्यासाठी बास्केटबॉलच्या आरंभकाळाकडे पाहणे सोयीचे ठरते, कारण या खेळाचा जन्म, त्याचे पैशात रूपांतर आणि त्याच्या पहिल्या छोट्या लीगची पडझड हे सर्व पंधरा वर्षांच्या आत घडले आणि त्यामुळे सगळे यंत्र लहान आकारात, उघडे करून पाहता येते.

१. बक्षीस, पगार आणि लीग

स्वतःच्या आनंदासाठी, बहुधा पदरमोड करून खेळतो तो हौशी खेळाडू. खेळण्याबद्दल आधी ठरवलेली रक्कम ज्याला मिळते, मग सामना जिंको वा हरो, तो पगारी किंवा व्यावसायिक खेळाडू. या दोहोंच्या मध्ये एक मोठा वर्ग असतो, तो बक्षिसावर खेळणाऱ्यांचा, आणि महाराष्ट्रात तो सर्वांत जुना आहे. दंगलीतला पैलवान इनामावर लढतो. विदर्भातल्या गावोगावी हिवाळ्याच्या रात्री दिव्यांच्या उजेडात खुले कबड्डी सामने भरतात, त्यांच्या फलकावर पहिले, दुसरे आणि तिसरे बक्षीस, ते कोणाकडून मिळणार त्या दात्याचे नाव आणि संघाची प्रवेश फी इतका सगळा आर्थिक व्यवहार लिहिलेला असतो. जिंकणारा संघ ती रक्कम आपसात वाटून घेतो, हरणारा प्रवेश फी आणि गाडीभाडे घालवून घरी परततो. बक्षीस कितीही मोठे असले तरी त्याला पगार म्हणता येत नाही, कारण त्यावर पुढच्या महिन्याचा किराणा ठरवता येत नाही.

लीग या शब्दाचा अर्थ इथे स्पष्ट होतो. ठरावीक संघ, आधीच जाहीर झालेले वेळापत्रक, आपल्या गावी आणि दुसऱ्याच्या गावी आळीपाळीने होणारे सामने आणि हंगामाअखेर गुणांवरून ठरणारा विजेता, अशी व्यवस्था म्हणजे लीग. बाद पद्धतीच्या स्पर्धेत हरलेला संघ घरी जातो, लीगमध्ये हरलेला संघ पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळतो, आणि म्हणून त्या संघातील खेळाडूची मिळकत आधी मोजता येते. लीगमधला खेळाडू हा मुख्य बाजारपेठेत गाळा घेतलेल्या दुकानदारासारखा असतो, तर लीगबाहेरचा पगारी खेळाडू आज कळंबच्या आणि उद्या घाटंजीच्या आठवडी बाजारात पाल टाकणाऱ्या विक्रेत्यासारखा असतो. माल दोघांचा सारखा चांगला असू शकतो, पण पाऊस आला की पहिला शटर ओढतो आणि दुसरा पाल गुंडाळतो.

छोटी लीग म्हणजे अर्थातच कमी दर्जाचे खेळाडू असा अर्थ नाही. जिचे संघ मध्यम आकाराच्या गावांचे आहेत आणि जिचे उत्पन्न मुख्यतः दारावरच्या तिकिटांपुरते मर्यादित आहे, ती छोटी लीग.

२. पिंजऱ्यातला खेळ

बास्केटबॉल हा कोणा एकाने बसून तयार केलेला खेळ आहे, असे फार थोड्या खेळांबद्दल म्हणता येते. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या मूळच्या कॅनेडियन शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ रचला, त्याचे १३ नियम लिहिले आणि दोन टोकांना पीच या फळाच्या टोपल्या ठोकल्या. वायएमसीए ही तरुणांसाठी काम करणारी ख्रिस्ती संस्था असल्यामुळे तिच्या शाखांमार्फत हा खेळ काही वर्षांतच अमेरिकाभर आणि पुढे भारतातही पोचला. मात्र त्याच संस्थेच्या अनेक शाखांना खेळातली धक्काबुक्की आणि प्रेक्षकांचा गोंगाट मानवेना. संघांना सभागृहाची दारे बंद होऊ लागली तेव्हा खेळाडूंनी बाहेर सभागृहे भाड्याने घेतली, भाडे भरण्यासाठी तिकीट लावले आणि उरलेले पैसे वाटून घेतले. पगारी बास्केटबॉलचा उगम असा भाड्याच्या पावतीतून झाला. न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन येथे १८९६ मध्ये झालेला सामना पहिला पगारी सामना म्हणून सामान्यतः ओळखला जातो. त्यात प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला १५ डॉलर आले आणि फ्रेड कूपर या कर्णधाराला एक डॉलर जास्त मिळाला, असे सांगतात. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली आणि १९०४ पर्यंत ती बंदही पडली.

त्या काळचा खेळ आजच्या प्रेक्षकाला ओळखू येणार नाही. अनेक ठिकाणी मैदानाभोवती तारेची उंच जाळी असे, कारण रेषेबाहेर गेलेला चेंडू ज्याच्या हाती आधी लागेल त्याचा, असा नियम असल्यामुळे खेळाडू चेंडूमागे थेट प्रेक्षकांत घुसत. जाळी लावल्यावर ते जाळीवर आदळू लागले आणि अंगावर तारेचे ओरखडे घेऊन घरी जाऊ लागले. अमेरिकेतील वृत्तपत्रे बास्केटबॉलपटूंना कित्येक दशके ‘पिंजऱ्यातले’ अशा अर्थाच्या नावाने संबोधत, त्याचे मूळ हेच आहे. प्रत्येक गुणानंतर चेंडू पुन्हा मध्यभागी उंच उडवला जाई, त्यामुळे खेळ संथ आणि गुणसंख्या कमी असे.

३. लोवेलचा बकी ल्यू

लोवेल हे मॅसॅच्युसेट्समधलेच एक गिरणगाव. कापड गिरण्यांच्या भोवती वसलेल्या या गावाचे वैभव आणि मंदी दोन्ही कापसाने ठरवले, ही गोष्ट यवतमाळच्या वाचकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. या गावातील एका कृष्णवर्णीय कुटुंबात १८८४ मध्ये हॅरी हॅस्केल ल्यू यांचा जन्म झाला. पुढे सर्वजण त्यांना बकी ल्यू म्हणूनच ओळखू लागले. त्यांच्या पूर्वजांपैकी बार्झिलाई ल्यू हे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सैनिक आणि वादक म्हणून सहभागी झाले होते, आणि वडिलांचा कपडे धुऊन-स्वच्छ करून देण्याचा धंदा होता. थोडक्यात, हे कुटुंब गावात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले आणि स्वतःच्या पायावर उभे असलेले होते. ल्यू स्वतः व्हायोलिन वाजवत, आणि पौगंडावस्थेत वायएमसीएच्या संघातून बास्केटबॉल खेळू लागले.

१९०२ च्या शरद ऋतूत, वयाच्या अठराव्या वर्षी, लोवेलच्या पॉटकेटव्हिल अॅथलेटिक क्लब या संघाने त्यांना न्यू इंग्लंड लीगमध्ये खेळण्यासाठी घेतले. मानधन होते सामन्याला पाच डॉलर. न्यू इंग्लंड म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातली राज्ये, आणि ही लीग म्हणजे तिथल्या गिरणगावांची आपसातली लीग : लोवेल, हेव्हरिल, मार्लबरो अशी तिच्या संघांची गावे होती. ७ नोव्हेंबर १९०२ रोजी मार्लबरोविरुद्ध ल्यू पहिल्यांदा मैदानात उतरले आणि पगारी बास्केटबॉल खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्यांची नोंद झाली.

‘उतरले’ हा शब्द मात्र त्या संध्याकाळचे सगळे वर्णन करत नाही. ल्यू यांनी १९५८ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत ही हकीकत सांगितली आहे. संघाने त्यांच्याशी करार केला होता, गणवेश दिला होता, पण व्यवस्थापकाचा विचार त्यांना बाकावर बसवून ठेवून पाच डॉलर देण्याचा होता. त्या आठवड्यात संघातले काही खेळाडू दुखापतींमुळे नव्हते, आणि सामना चालू असताना आणखी एक जण जायबंदी झाला. बाकावर ल्यू एकटेच होते. व्यवस्थापकाने त्यांना बोलावण्याऐवजी संघाला चार जणांनिशी खेळू दिले, तेव्हा तिकीट काढून आलेल्या लोवेलच्या प्रेक्षकांनी असा आरडाओरडा केला की शेवटी ल्यू यांना आत सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. या प्रसंगाचा फार उदात्त अर्थ लावू नये; त्या प्रेक्षकांना समतेची चाड होती असे मानण्यापेक्षा त्यांना आपला संघ पाच जणांचा हवा होता असे मानणे अधिक सुरक्षित आहे. परंतु दारावरच्या पैशावर चालणाऱ्या खेळात प्रेक्षकाच्या मर्जीपुढे व्यवस्थापकाचा पूर्वग्रह काही वेळा हरतो, एवढे त्यातून दिसते.

आत गेल्यावर कोपर, गुडघे आणि शिवीगाळ यांचा मारा सुरू झाला. ल्यू यांनी तो सोसला, जमेल तेव्हा परतफेडही केली, आणि हळूहळू प्रतिस्पर्धी खेळाडूंनी त्यांना खेळाडू म्हणून स्वीकारले. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये जे सोसले, त्याची तुलना वृद्धपणी ल्यू यांनी स्वतःच्या अनुभवाशी केली होती. त्यांच्या खेळाची जात बचावाची होती. समोरच्या संघातला सर्वांत चांगला नेमबाज अडवण्याचे काम त्यांच्याकडे येई. हल्ल्यात त्यांना लांबून चेंडू टाकणे आवडे, आणि टोपलीमागे फळी नसल्यामुळे चेंडू कशावरही न आपटता थेट कड्यात पडावा लागे. आज फळीच्या आधाराने होणारे गुण पाहताना हा फरक लक्षात घेतला म्हणजे त्या काळच्या नेमबाजाची किंमत कळते.

पुढच्या हंगामात ते हेव्हरिलकडून खेळू लागले. आणि मग, ल्यू यांची कारकीर्द ऐन भरात असताना, लीगच बुडाली.

४. लीग का बुडाली, याचा हिशेब

छोट्या लीगचे अर्थकारण समजण्यासाठी एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेला हिशेब मांडता येतो. समजा सभागृहात ५०० प्रेक्षक आले आणि तिकीट २५ सेंट, म्हणजे पाव डॉलर आहे, तर जमा होतात १२५ डॉलर. सहा खेळाडूंचे पाच डॉलरप्रमाणे ३० डॉलर, सभागृहाचे भाडे, दिवे, जाहिरातीची छपाई, पंच आणि परगावच्या सामन्यांसाठी लागणारे रेल्वेभाडे हे सगळे त्यातून भागते आणि मालकाच्या हाती काही उरते. आता समजा त्या रात्री बर्फ पडला आणि १५० जणच आले. जमा होतात साडेसदतीस डॉलर. खेळाडूंचे ३० दिल्यावर भाड्यालाही पुरत नाहीत. अशा तीन-चार रात्री लागोपाठ आल्या की मालक एकतर पगार थकवतो किंवा संघ गुंडाळतो, आणि एका संघाने अंग काढून घेतले की बाकीच्यांचे वेळापत्रक विस्कटते, त्यांच्याही घरच्या सामन्यांची संख्या घटते. छोट्या लीग एका हंगामात इतक्या झपाट्याने का कोसळत, याचे कारण हे साखळीचे नाते आहे.

पाच डॉलर ही रक्कम मुळात कमी नव्हती. हेन्री फोर्ड यांनी १९१४ मध्ये आपल्या मोटार कारखान्यातील कामगारांना दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले तेव्हा अमेरिकाभर खळबळ उडाली होती. त्याआधी बारा वर्षे ल्यू यांना एका संध्याकाळचे तेवढे पैसे मिळत होते. अडचण दराची नव्हती, संध्याकाळींच्या संख्येची होती.

लीग संपल्यावर ल्यू यांनी जे केले त्याला फिरता संघ म्हणतात. स्वतःचे संघ बांधायचे, गावोगावच्या क्लबांशी पत्रव्यवहार करून सामने ठरवायचे, दारावरच्या रकमेतला हिस्सा घ्यायचा आणि रात्रीच्या गाडीने पुढच्या गावी जायचे, असा हा धंदा त्यांनी जवळजवळ वीस वर्षे केला. खेळाडू, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक अशी तिन्ही कामे त्यांच्याकडेच होती. शेवटचा सामना ते १९२६ मध्ये व्हरमाँट राज्यातील सेंट जॉन्सबरी येथे खेळले, तेव्हा त्यांचे वय ४२ होते. पोटापाण्यासाठी मात्र घराण्यातला कपडे स्वच्छ करण्याचा धंदा होताच. उत्तरायुष्य त्यांनी बास्केटबॉलचे जन्मगाव असलेल्या स्प्रिंगफील्डमध्ये घालवले आणि १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. एनबीए या आजच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू आले ते १९५० मध्ये, म्हणजे लोवेलमधल्या त्या संध्याकाळनंतर ४८ वर्षांनी.

५. पुण्यातले चार रुपये

ल्यू यांच्या दहा वर्षे आधी पुण्यात एक तरुण खेळाच्या मैदानावर पगार घेत होता, आणि त्याची कथा शेजारी ठेवली की भारतातल्या पगारी खेळाची वेगळी घडण लक्षात येते. बाळू पालवणकर यांचा जन्म धारवाडचा, चर्मकार समाजातला. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये खेळपट्टीची झाडलोट आणि राखण करण्यासाठी त्यांना महिना तीन रुपये मिळत, आणि १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये गेले तेव्हा चार. रोलर फिरवणे, जाळी उभारणे ही नेमून दिलेली कामे. त्यात साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करण्याची भर पडली आणि त्यांची डावखुरी फिरकी घडली ती तिथेच. जे. जी. ग्रेग हा नामवंत इंग्रज फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली आणि रोज एकदा तो बाद झाला असे मानले, तर महिन्याला पंधरा रुपये होतात, म्हणजे पगाराच्या जवळजवळ चौपट. आख्यायिका टिकून राहिली ती बहुधा या गणितामुळेच.

पालवणकर यांना बोलावणे येई ते चेंडू टाकण्यासाठी, चहाच्या टेबलावर बसण्यासाठी नव्हे. हिंदूंच्या संघात त्यांना घेतले गेले ते त्यांच्याशिवाय युरोपियनांना हरवता येणार नाही हे कळल्यावर, आणि घेतल्यावरही मैदानावर सर्वांच्या हातातून फिरणारा चेंडू त्यांच्या हाती चालत असे, पण चहा त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात त्यांनी सर्व सामन्यांत मिळून शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

लोवेलमध्ये करार होता आणि बसायला बाक होता, पण मैदानाचे दार बंद होते. पुण्या-मुंबईत मैदानाचे दार उघडले, मंडपाचे बंद राहिले. दोन्हीकडे खेळाडूच्या अंगातले कसब विकत घेतले गेले आणि माणूस मात्र बाहेर ठेवण्याची सोय करण्यात आली. पगार मिळाला म्हणजे मान मिळाला असे समीकरण खेळाच्या इतिहासात तरी आढळत नाही.

६. नोकरी हाच पगार

पालवणकर पुढे मुंबईला गेले आणि बीबी अँड सीआय रेल्वेत नोकरीला लागले. रेल्वेच्या संघाला गोलंदाज मिळाला आणि गोलंदाजाला महिन्याचा पगार. भारतातल्या पगारी खेळाचा पुढच्या शंभर वर्षांचा नमुना त्या नोकरीत दिसतो. अमेरिकेत खेळाडूला तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाने पोसले, भारतात त्याला रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या आणि सैन्यदले यांनी पोसले. खेळाडू कागदोपत्री कारकून, तिकीट तपासनीस किंवा हवालदार असतो, सामन्यांच्या काळात त्याला रजा मिळते, आणि गुडघे निकामी झाल्यावरही नोकरी शाबूत राहते. भारतीय बास्केटबॉल तर अजूनही मुख्यतः याच आधारावर उभा आहे : राष्ट्रीय स्पर्धेतले बलाढ्य संघ रेल्वे आणि सेनादलांचे असतात, आणि भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषवलेली पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळली आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत गुणवंत खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के आरक्षण हे याच परंपरेचे सरकारी रूप आहे.

विदर्भात या नमुन्याचा एक खास प्रकार रुजला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु मंडळाने त्याहून दूरगामी असे एक काम केले, ते म्हणजे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करण्याचे. विदर्भातल्या खेडोपाड्यांतून आलेल्या खेळाडूंपुढे कित्येक वर्षे ‘खेळून पोट भरणे’ याचा व्यवहारातला अर्थ शाळेत क्रीडाशिक्षक होणे हाच होता. त्याला कोणी व्यावसायिक कारकीर्द म्हणत नाही. म्हणायला हरकत नाही, कारण ल्यू यांना वीस वर्षे गावोगाव फिरून जे स्थैर्य मिळाले नाही, ते या मार्गाने अनेकांना मिळाले.

७. पांढरकवड्याचा दुहाती गोलंदाज

आता यवतमाळ जिल्ह्याकडे यावे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार हा विदर्भाकडून खेळणारा क्रिकेटपटू दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. फलंदाज डावखुरा आहे की उजवा हे पाहून तो हात बदलतो, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी तसे पंचांना आधी सांगावे लागते. २०१७ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाच्या संघाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने हा प्रयोग केला तेव्हा देशभर चर्चा झाली. रणजी करंडकाच्या २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध त्याने पहिल्या डावात नाबाद ७३ धावा केल्या आणि विदर्भाने सलग दुसऱ्यांदा करंडक जिंकला. लगेच झालेल्या इराणी करंडकात त्याने शतक ठोकले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली टी-ट्वेंटी स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, दोन बळी. टी-ट्वेंटीत गोलंदाजाला चारच षटके मिळतात, म्हणजे २४ चेंडूंत त्याने एकही धाव दिली नाही, आणि पुरुषांच्या टी-ट्वेंटीत असे आधी कोणी केले नव्हते. त्या स्पर्धेत खेळणाऱ्याचे मानधन सामन्याला १७,५०० रुपये होते. शून्य धावा दिल्या तरी तेवढेच, पन्नास दिल्या तरी तेवढेच. ल्यू यांच्या पाच डॉलरप्रमाणे हे मानधन हजेरीचे आहे, पराक्रमाचे नाही. पराक्रमाची किंमत वरच्या लीगच्या लिलावात ठरते, आणि तिथे प्रत्येकाचा नंबर लागत नाही.

तरी दोघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२१ मध्ये ठरवलेल्या दरांप्रमाणे वीसपर्यंत सामने खेळलेल्या रणजीपटूला दिवसाला ४०,०००, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्याला ५०,००० आणि त्याहून अधिक खेळलेल्याला ६०,००० रुपये मिळू लागले. साखळीतले सात सामने चार-चार दिवसांचे धरले तर अगदी नवख्याचेही २८ दिवसांचे ११ लाख २० हजार रुपये होतात, आणि अनुभवी खेळाडूचे १६ लाख ८० हजार. राखीव खेळाडूला याच्या निम्मे. विदर्भाच्या अंतिम अकरांत येणे किती कठीण आहे हे बाजूला ठेवले, तर जिल्ह्यातल्या कोणत्याही पालकाला हा आकडा वाईट वाटणार नाही.

हा पैसा मात्र मैदानाच्या दारावर जमा झालेला नाही. रणजी सामन्याला बहुतेक वेळा प्रेक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि प्रवेशही सहसा फुकट असतो. तो पैसा दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येतो, म्हणजे राष्ट्रीय संघ आणि आयपीएल यांच्या कमाईतून खाली झिरपतो. २०२०-२१ मध्ये कोरोनामुळे रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ नंतर प्रथमच रद्द झाली तेव्हा मंडळाने खेळाडूंना नुकसानभरपाई म्हणून मानधनाची निम्मी रक्कम देण्याचे जाहीर केले. न्यू इंग्लंड लीगला बर्फाच्या चार रात्री पेलल्या नाहीत, इथे अख्खा हंगाम बुडाला तरी काही ना काही हाती आले.

८. पैसे देणारा किती काळ टिकतो?

तेव्हा घरातल्या मूळ प्रश्नाची मांडणीच थोडी बदलायला हवी. खेळाडूच्या गुणवत्तेची चर्चा प्रत्येक घरात होते, पैसे देणाऱ्याच्या प्रकृतीची होत नाही, आणि छोट्या लीगच्या इतिहासात कारकिर्दी संपल्या त्या बहुतांशी दुसऱ्या कारणाने. भारतात २०१५ मध्ये यूबीए नावाची व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली, तीत पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स असे महाराष्ट्रातले दोन संघ होते, आणि २०१७ नंतर ती थांबली. त्याच्या एक वर्ष आधी, २०१४ मध्ये, सुरू झालेली प्रो कबड्डी मात्र टिकली. दोन्हीकडे खेळाडू तितक्याच कष्टाचे होते. एकीकडे संध्याकाळी घराघरांत सामना पाहिला जात होता आणि त्यामुळे जाहिरातदार पैसे मोजत होता, दुसरीकडे ती सवय लागण्याआधीच पैसे संपले.

यवतमाळ, पुसद किंवा वणीतल्या एखाद्या मुलीसमोर किंवा मुलासमोर उद्या पगारी करार आला, तर पालकांनी रकमेच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात : हा पैसा तिकिटांतून येतो, प्रक्षेपणातून येतो की कोणा एका मालकाच्या खिशातून, ही लीग किती हंगाम चालली आहे आणि मागच्या हंगामाचे सर्वांचे पैसे चुकते झाले आहेत का, आणि हंगाम नसलेल्या महिन्यांत हातात दुसरे काय आहे. तिसऱ्या प्रश्नाला ‘शिक्षण’ किंवा ‘नोकरी’ असे उत्तर देता येत असेल, तर करारावर सही करायला हरकत नाही.